गोल्फपटूंच्या पाठीचं कल्याण

माणसाच्या शरीरात दोनशेच्या वर हाडं आणि सहाशेच्या वर स्नायू आहेत, आणि त्यांपैकी एकाचीही रचना गोल्फ खेळण्यासाठी झालेली नाही. हे सत्य स्वीकारायला आमच्या क्लबाला बराच काळ लागला. तोवर आमचे सभासद कंबरेत वाकून, मान डावीकडे, खांदा उजवीकडे आणि लक्ष तिसरीकडे ठेवून, गवतावर निवांत पडलेल्या एका लहानशा चेंडूला, त्याने काहीही केलेलं नसताना, काठीने मारत होते आणि संध्याकाळी घरी जाऊन ‘आई गं’ म्हणत होते.

मी क्लबच्या कार्यकारी समितीवर आहे. मला गोल्फ येत नाही. (समितीवर कोणालाच फारसं येत नाही. ज्यांना येतं ते बैठकीच्या वेळी मैदानावर असतात.) ज्याला बाहेर स्पोर्ट्स मसाज, घरात मालिश आणि आमच्या ठरावांत क्रीडा-मर्दन म्हणतात, त्याचे गोल्फपटूंना होणारे लाभ मी अगदी जवळून पाहिले आहेत. ते इतरांनाही कळावेत म्हणून हा प्रपंच.

सुरुवात झाली दंतवैद्यांच्या खांद्यापासून. दंतवैद्य म्हणजे माझे शेजारी. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावून त्यांच्या पाठीला प्रश्नचिन्हाचा आकार आला होता. साठी जवळ आली तशी त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्यांना सांगितलं की दिवसभर दवाखाना आणि संध्याकाळभर घरात माझ्या समोरची खुर्ची, हे असं फार दिवस चालायचं नाही. जरा मोकळ्या हवेत जात जा. ते आमच्या क्लबात आले. मोकळी हवा त्यांना मानवली, गोल्फ मानवला नाही. त्यांनी मारलेला चेंडू उजवीकडच्या तळ्यात जाई. तळं डावीकडे असेल अशा जागेवरून मारला, तर तो हवेत विचार बदलून तळ्यात जाई. पुढे पुढे बदकं त्यांना लांबून ओळखू लागली आणि ते दिसताच पाण्याबाहेर येऊन बसू लागली.

लवकरच त्यांचा उजवा खांदा धरला. सदरा घालायला वहिनींची मदत लागू लागली, आणि दाढ उपटताना रोग्याच्या आधी तेच कण्हू लागले. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा वर-खाली करून पाहिला आणि गोल्फ बंद करा म्हणून सांगितलं.

हा उपाय इतका सोपा होता की आमचे अध्यक्ष हादरले. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी आहेत. एखादी गोष्ट वेळीच हलवली नाही तर ती कायमची घट्ट होते, असा त्यांचा धंद्यातला अनुभव आहे. त्यांनी तातडीची बैठक घेतली. दुखतं म्हणून एकाने खेळ सोडला, तर ज्यांना ज्यांना दुखतं ते सगळे सोडतील, आणि ज्याला काही दुखत नाही असा सभासद आपल्याकडे अजून जन्माला यायचा आहे, असं त्यांनी निदर्शनास आणलं. तेव्हा खेळ थांबवण्याऐवजी दुखणं थांबवावं, असं ठरलं. अशा रीतीने मालिशीच्या बाई आल्या.

बाई याआधी शर्यतीच्या घोड्यांना मालिश करत. तिथे त्यांचा चांगला दबदबा होता. त्यांच्या हाताखालून गेलेले काही घोडे पहिले आले होते. (उरलेले कितवे आले याची समितीने चौकशी केली नाही, नेमणुकीच्या वेळी नकारात्मक प्रश्न विचारू नयेत असा आमचा संकेत आहे.) मुलाखतीत त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. टेबलाला वळसा घालून त्या अध्यक्षांच्या मागे गेल्या आणि दोन्ही अंगठे त्यांच्या मानेच्या बुडाशी रोवले. अध्यक्षांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते दुःखाचं की सुखाचं हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण नेमणूक मात्र त्याच अवस्थेत मंजूर झाली.

करंडकांची खोली बाईंना दिली. करंडक कपाटाच्या वर गेले आणि मधोमध एक उंच, गादीचं टेबल आलं. पालथं झोपल्यावर चेहरा कुठे ठेवायचा, यासाठी त्याच्या एका टोकाला गोल भोक होतं. त्यातून खालची फरशी दिसे. आमच्या कित्येक सभासदांना आयुष्यात पहिल्यांदाच खाली पाहण्याची संधी तिथे मिळाली.

पहिला मान दंतवैद्यांचा. बाईंची पद्धत घोड्यांवर घडलेली होती आणि माणसांसाठी ती बदलण्याचं त्यांना कारण दिसलं नाही. आधी त्या मानेवर हात ठेवून ‘शांत, शांत’ म्हणत. मग कोपर लावत. सभासद विव्हळला की ‘हं, लाथ मारायची नाही’ असा दम भरत. आणि सगळं झाल्यावर पाठीवर दोन थापा मारून ‘शहाणा रे शहाणा’ म्हणत. खरं सांगायचं तर अर्धं काम या दोन थापांनीच होई. आमचे सभासद बहुतेक मोठ्या हुद्द्यांवरून उतरलेले. त्यांच्यासमोर लोक अजून उठून उभे राहत, पण त्यांची पाठ थोपटणारं माणूस आता कोणाच्याच घरी उरलेलं नव्हतं. निवृत्त न्यायाधीश पहिल्या दिवशी थापा खाऊन बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

लाभ दिसायला वेळ लागला नाही. दंतवैद्यांचा हात वर जाऊ लागला, त्यांना गाढ झोप लागू लागली, आणि वहिनींनी मला जिन्यात थांबवून क्लबाचे आभार मानले. समितीने रीतसर पाहणी केली. मालिशीपूर्वी दर दहा चेंडूंमागे सहा तळ्यात जात होते. मालिशीनंतरही सहाच गेले. मात्र पूर्वी चेंडू तळ्यात गेल्यावर काठी आपटणं, माळ्यावर खेकसणं, सूर्याला दोष देणं हे प्रकार सर्रास चालत, ते पूर्ण थांबले. चेंडू बुडाला की सभासद ‘गेला’ एवढंच म्हणत आणि पाण्यावरची वर्तुळं पाहत उभे राहत. लाज हाही एक स्नायूच असावा आणि तोही सैल पडत असावा, असा निष्कर्ष पाहणीत काढला आहे.

यानंतर जे घडलं ते केवळ तर्काच्या बळावर घडलं, हे मी आवर्जून नमूद करतो.

बाईंनी एकदा तक्रार केली की सकाळी सैल केलेली पाठ संध्याकाळी पुन्हा दोरीसारखी आवळून येते. कारण शोधलं तेव्हा मधल्या वेळात सभासद गोल्फ खेळत असल्याचं उघड झालं. मालिशीनंतर खेळल्यास मालिश वाया जाते, हे सर्वांना पटलं. मग मालिशीआधी खेळावं, अशी सूचना आली. पण आधी खेळून आलेल्या पाठीवर बाईंना दुप्पट मेहनत पडते, आणि त्याही माणूसच आहेत. तेव्हा खेळ मालिशीच्या आधीही नको आणि नंतरही नको, इतर कोणत्याही वेळी सभासदांनी जरूर खेळावं, असा ठराव झाला. सगळेच रोज मालिश घेत असल्याने अशी वेळ कोणती, ती शोधायला एक उपसमिती नेमली. ती अजून शोधते आहे.

म्हणून गोल्फ बंद पडला असं कोणी समजू नये. सभासद पूर्वीसारखेच पांढरी टोपी आणि एका हातात हातमोजा घालून वेळेवर येत. (मालिशीच्या वेळी हातमोजा काढण्याची सक्ती नव्हती.) काठ्यांच्या पिशव्या बरोबर असत, फक्त आता त्या नोकर उचलत, कारण वजनाने खांदा भरून येतो. व्हरांड्यात चर्चाही तशाच रंगत: आज माझ्या कमरेची गाठ दोन दाबांत सुटली, तुमची किती घेते? वार्षिक करंडक कपाटावरून खाली काढला आणि ‘सर्वांत सैल सभासद’ या किताबासाठी ठेवला. तो दंतवैद्यांनी जिंकला. बक्षीस घ्यायला उठले तेव्हा ते इतके सैल होते की करंडक त्यांच्या हातातून निसटला आणि टाळ्यांचा आणखी एक कडकडाट झाला.

इथवर सगळं सुरळीत होतं.

एका सकाळी वहिनी माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

“भावोजी, मालिशीची खोली किती वाजता उघडते?”

मी म्हटलं, दहाला.

“हे साडेपाचला घराबाहेर पडतात,” त्या म्हणाल्या. “दाढी करून.”

दाढी करून म्हटल्यावर बोलण्यासारखं फार राहत नाही.

उलगडा त्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावर झाला. मी बाहेरच्या बाकावर माझ्या पाळीची वाट पाहत होतो. (खेळत नसलो तरी मला पाठ आहे.) दार नेहमीप्रमाणे अर्धं उघडं होतं. आत दंतवैद्य पालथे पडले होते. बाईंचा अंगठा मणक्याशेजारून खाली सरकत आला आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबला. मग तो परत मागे गेला आणि पुन्हा तिथेच आला.

“तुम्ही खेळलात,” बाई म्हणाल्या.

“नाही,” भोकातून आवाज आला.

“माझ्या हाताशी खोटं बोलायचं नाही.”

मग भोकातून आलं, “एकदाच.”

“ही एकदाची गाठ नाही. ही रोजची आहे.”

बाईंनी हात पुसले आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दंतवैद्यांची पाठ थोपटली नाही. ते उठले, सदरा स्वतःच चढवला आणि आम्हा सगळ्यांसमोरून मान खाली घालून निघून गेले. असं काही आपल्या क्लबात, तेही चांगल्या घरातल्या माणसाकडून घडेल, असं आम्हांला कोणालाच वाटलं नव्हतं.

समितीसमोर सुनावणी झाली. वहिनींनाही बोलावलं होतं, कारण अशा गोष्टींचा पहिला आघात कुटुंबावर होतो. अध्यक्षांनी गंभीर आवाजात विचारलं की हे कधीपासून सुरू आहे आणि याचं कारण काय. दंतवैद्यांनी काहीच नाकारलं नाही. खांदा बरा झाल्यावर एका पहाटे सहज म्हणून मैदानावर गेलो होतो, ते म्हणाले, कोणी नव्हतं, एक चेंडू गवतात राहून गेलेला दिसला, मारला.

“मग?” अध्यक्ष म्हणाले.

“सरळ गेला.”

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

“तळ्यावरून गेला,” दंतवैद्य म्हणाले. “मी काहीच वेगळं केलं नव्हतं. टक् असा आवाज आला, आणि हाताला काही लागलंच नाही. बदकं पाण्यातच होती, त्यांनी नुसती मान वर केली. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात बघतोय. माझ्या हातून निघालेली वस्तू एवढ्या लांब गेलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो.”

“परत सरळ गेला?”

“नाही. तळ्यात. तेव्हापासून रोज तळ्यातच जातोय.”

निवृत्त न्यायाधीश स्वतःच्या हातमोज्याकडे पाहू लागले होते. बोटं त्यांनी एकदा मिटली आणि उघडली. अध्यक्षांनी खाकरल्यावर त्यांनी हात टेबलाखाली घेतला.

चेंडू एकदा सरळ गेल्याचं समितीला मान्य आहे, अध्यक्ष म्हणाले, आणि ती आनंदाचीच बाब आहे. परंतु त्याने पाठीचं काय झालं, हा मुद्दा आहे. मग त्यांनी वहिनींना काही सांगायचं आहे का विचारलं. वहिनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्या समितीशी बोलल्याच नाहीत, नवऱ्याशी बोलल्या.

“मला वाटलं, कोणी बाई आहे. मी आठवडाभर तिच्याशी काय भांडायचं ते ठरवत होते. आता या चेंडूशी मी काय भांडू? मला सांगितलं असतंत तर चहा तरी करून दिला असता पहाटे.”

निर्णय एकमताने झाला. खेळणं सोडेपर्यंत दंतवैद्यांची मालिश बंद. त्यांना विचार करायला मुदत देऊ केली, पण त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी काठ्यांची पिशवी उचलली, स्वतःच्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या खांद्यावर टाकली, आणि आम्ही सगळे कळवळलो.

त्यानंतर अठरा होलांचं, म्हणजे चेंडू घालवायच्या अठरा भोकांचं, आमचं मैदान त्यांचं एकट्याचं झालं. पहाटे ते आणि वहिनी येत. वहिनींबरोबर घडीची खुर्ची आणि थर्मास असे. खांदा पुन्हा धरला, पाठीला प्रश्नचिन्ह पुन्हा आलं. मैदानावरच वहिनी मलम चोळून देत, तेही चुकीच्या दिशेने. (बाईंनी लांबून पाहून हे सांगितलं आणि मान फिरवली.) एका माणसासाठी एवढी जमीन अडकवून ठेवणं कोणत्याही संस्थेला परवडणारं नाही. शिवाय बाईंच्या खोलीबाहेरची रांग फाटकापर्यंत गेली होती. तेव्हा मैदानावर मालिशीच्या आणखी खोल्या बांधाव्यात, असं ठरलं. सिमेंटची सोय घरचीच होती. बाईंनी आपल्या दोन जावा, एक नणंद आणि नणंदेचे सासरे यांना आणलं. मग त्या सासऱ्यांच्या व्याह्यांकडचे, म्हणजे जिथे त्यांची मुलगी दिली होती तिथले लोक आले, आणि हळूहळू सगळं हिरवळीचं मैदान एका कुटुंबाच्या हाताखाली आलं. तळं शेवटी बुजवलं. त्यातून जे चेंडू निघाले त्यांनी एका खोलीचा पाया भरला.

अडचण एकच आली. गोल्फ संघटनेचे निरीक्षक येणार असल्याचं कळलं. अठरा होल नसतील तर गोल्फ क्लब म्हणून मान्यता जाते आणि मान्यता गेली तर जमीन जाते. समिती रात्रभर नव्हे, पण जेवणाच्या वेळेपर्यंत तरी चिंतेत होती. निरीक्षक आले. वयस्क, सरळमार्गी गृहस्थ होते. होल कुठे आहेत, त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी त्यांना एकेका खोलीत नेलं. प्रत्येक खोलीत एक टेबल, प्रत्येक टेबलाला एक भोक. निरीक्षकांनी वाकून प्रत्येकात डोकावून पाहिलं, मोजले, अठरा भरले. काही होलांतून सभासदांनी त्यांना नमस्कारही केला. होल जमिनीपासून इतक्या उंचीवर असावा का, याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग ते जरा घुटमळले आणि मानेमागे हात नेत म्हणाले की प्रवासाने इथे जरा धरल्यासारखं झालंय. ते आठव्या होलावर आडवे झाले. अजून आहेत. घरच्यांना कळवलं आहे.

दंतवैद्यांचं म्हणाल तर त्यांनी क्लब सोडला. गावाबाहेर, जिथे बस शेवटची थांबते, तिथे एक उंचसखल माळ आहे. तिथे काही लोक गवत कापून खेळतात. मी एकदा गेलो होतो. दंतवैद्य खांदा धरून उभे होते आणि वहिनी खेळत होत्या. त्यांचा चेंडू सरळ गेला. मग दंतवैद्यांचा उजवीकडे गेला, तिथे तळं नसल्यामुळे बिचारा बराच वेळ घरंगळत राहिला. दोघं तो शोधायला झुडपांत शिरली आणि एकमेकांवर खेकसत, हसत बराच वेळ बाहेर आली नाहीत. दुखतं का हो, मी नंतर विचारलं. “भयंकर,” ते म्हणाले. असं म्हणताना त्यांचा चेहरा ज्या प्रकारे उजळला, तो माझ्या मते स्नायूंच्या दृष्टीने अजिबात बरा नव्हता.

हे सर्व वाचून काही वाचकांना आमच्या सभासदांचं हसू आलं असेल. माझा राग नाही. त्यांनी एवढंच करावं: आत्ता आपल्या दाराशी किंवा पायात असलेले बूट पाहावेत. ते धावण्याचे आहेत. त्यांत शेवटचं कधी धावलो ते आठवून पाहावं, घाई नाही. आतल्या खोलीतल्या व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळत घातला असेल, तो वाळला का बघावा. गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ आणि त्यात काल भरलेली पावलं (स्वयंपाकघर ते बिछाना, आणि परत), सगळं डोळ्यांसमोर आणावं. इतक्या वेळात मान पुढे येऊन खांदे कानांना टेकले असतील, ते खाली घ्यावेत. जमत नसेल तर संकोच नको. आमची एकोणिसावी खोली पुढच्या महिन्यात उघडते आहे, आणि तुमच्यासारख्या खेळाडूंसाठीच ती बांधली आहे. टोपी आणि हातमोजा घेऊन यावं. खरोखरच खेळत असाल, तर मात्र कृपया आधी सांगावं. आतल्या लोकांना त्रास होतो.